नवा स्विच लावला आणि नेट गेलं: घरच्या घरी दोष कसा शोधायचा

आमच्या मजल्यावरच्या काकांनी गेल्या पावसाळ्यात आठ पोर्टचा (वायर खोचायच्या आठ खाचांचा) नेटवर्क स्विच आणला. शनिवारी रात्री साडेनऊला आमची बेल वाजली. "अगं, जरा येतेस का? वायफाय चालतंय, पण कॉम्प्युटरला नेट नाही. नवा डबा बाद निघाला वाटतं, उद्या परत करून टाकतो."

जाऊन पाहिलं तर डबा ठणठणीत होता, फक्त भलत्या जागी बसला होता. नेटवाल्याच्या फायबरच्या डब्यातून निघालेली वायर काकांनी आधी स्विचमध्ये खोचली होती आणि मग स्विचमधून एक वायर राउटरला, एक कॉम्प्युटरला दिली होती. मी दोन वायरींची अदलाबदल केली आणि नेट आलं. खरा वेळ काकूंच्या चहात गेला.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. सोसायटीत कुणाचं नेट अडलं की लोक नेटवाल्याच्या आधी माझ्याकडे येतात, कारण तो "उद्या माणूस पाठवतो" म्हणतो आणि मी समोरच्या दारात असते. इतक्या घरांत डोकावल्यावर एक सांगते, नवा स्विच खरोखरच बाद निघाला असं मी फार क्वचित पाहिलंय. खोट असते ती वायरीत, अडॅप्टरमध्ये, नाहीतर कुठली वायर कुठे खोचली यात. म्हणून परत करायची घाई करू नका. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने तपासा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. वायर, पोर्ट आणि अडॅप्टर तिन्ही एकदम बदललं आणि नेट आलं, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि आठ दिवसांनी तोच घोळ परत समोर येतो.

स्विच कुठे बसतो

स्विच म्हणजे लॅनच्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, वायरींचा एक्स्टेन्शन बोर्ड, एवढं डोक्यात ठेवलं तरी पुरे. राउटरला मागे चार पोर्ट असतात, ते कमी पडतात म्हणून आपण स्विच आणतो. साधा स्विच कुणाला आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्राला ओळखायचा आकडा) देत नाही, पासवर्ड मागत नाही, त्याला लॉगिनचं पानही नसतं. नवखे लोक ब्राउझरमध्ये स्विचचं पान शोधत तासभर घालवतात. ते पान फक्त 'स्मार्ट' किंवा 'मॅनेज्ड' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्विचला असतं.

घरात पत्ते वाटण्याचं काम राउटरचं. त्यामुळे क्रम ठरलेला आहे: फायबरचा डबा, मग राउटर, मग स्विच, मग बाकी सगळं. अनेक घरांत फायबरचा डबा आणि राउटर एकाच पेटीत असतात, तिथे प्रश्नच नाही. पेटीच्या लॅन पोर्टमधून वायर काढायची आणि स्विचच्या कुठल्याही पोर्टमध्ये घालायची. साध्या स्विचला सगळे पोर्ट सारखेच. काकांकडे मात्र दोन पेट्या होत्या. नेटवाल्याची लहान पेटी नुसताच फायबरमधला सिग्नल तांब्याच्या वायरीत आणत होती, लॉगिन आणि पत्ते दोन्ही राउटरकडे. कॉम्प्युटर राउटरच्या अलीकडे अडकवल्यावर त्याला पत्ता देणार कोण? वायफाय राउटरमधून येतं, म्हणून ते चालू राहिलं.

राउटरवर एक पोर्ट वेगळ्या रंगाचा असतो आणि त्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं असतं. तो बाहेरून येणाऱ्या वायरीसाठी. स्विचची वायर त्यात घालायची नाही.

नेटवाल्याच्या पेटीबद्दल अजून एक. काही पेट्यांत चारपैकी एकच लॅन पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे हजार एमबीपीएसचा (एमबीपीएस हे नेटच्या वेगाचं माप), असतो आणि उरलेले तीन शंभर एमबीपीएसचे. बहुतेक वेळा पहिल्या क्रमांकाचा पोर्ट वेगवान असतो, पण पेटीच्या खालच्या लेबलावर पाहून खात्री करा. काही पेट्यांत एखादा पोर्ट टीव्हीच्या सेवेसाठी राखून ठेवलेला असतो. त्यात स्विच लावला तर दिवा लागतो, नेट येत नाही. पोर्ट बदलून पाहणं ही फुकटातली तपासणी आहे, ती आधी उरका.

स्विच लावण्याआधी मोजा

हे कुणीच करत नाही, मीही पूर्वी करत नव्हते. स्विच खोक्यातून काढण्याआधी लॅपटॉप वायरीने थेट राउटरला लावा आणि स्पीड टेस्ट करा. आकडा कागदावर लिहा. मग स्विच मध्ये घालून त्याच लॅपटॉपवर, त्याच वायरीने परत मोजा. पहिलाच आकडा कमी असेल तर बिचाऱ्या स्विचला दोष देण्यात अर्थ नाही. शिवाय नेटवाल्याशी भांडायची वेळ आली तर "राउटरला थेट लॅपटॉप लावला तरी एवढाच स्पीड येतोय" हे वाक्य तुमच्याकडे तयार असतं. स्विचचं नाव काढलंत की तो सगळं खापर स्विचवर फोडून मोकळा होतो.

दिवे वाचायला शिका

आधी पॉवरचा दिवा. तो लागलाच नाही तर बोर्डाचं बटण, मग अडॅप्टर. इथे मी जरा थांबणार आहे, कारण या एका चुकीने स्विच खरोखरच मरतो.

अडॅप्टरची गोल पिन राउटरची, सेट टॉप बॉक्सची, स्विचची, सगळ्यांची एकसारखी दिसते आणि बऱ्याचदा बसतेही. पण व्होल्टेज वेगळं असतं. घरगुती स्विच अनेकदा ५ व्होल्टवर चालतो, राउटर ९ किंवा १२ वर. कॅमेऱ्यांना वीज पुरवणाऱ्या पीओई स्विचचा अडॅप्टर तर ५० व्होल्टच्या आसपास असतो. टीव्हीमागच्या गुंत्यात हात घालून सापडेल ती पिन स्विचमध्ये घातली की कधी काहीच होत नाही, कधी जळका वास येतो. अडॅप्टरवर 'आउटपुट' लिहिलेल्या ओळीतले व्होल्ट आणि स्विचच्या खालच्या लेबलावरचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअरचा आकडा अडॅप्टरवर जास्त असला तर चालतो, कमी असला तर नाही. माझ्या घरातल्या प्रत्येक अडॅप्टरवर पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहिलंय: राउटर, स्विच, सेट टॉप. दिसायला गबाळं दिसतं, पण त्यानंतर एकही वस्तू जळलेली नाही.

आता पोर्टचे दिवे. वायर दोन्ही टोकांना नीट बसली आणि दोन्हीकडची यंत्रं चालू असली की दोन-तीन सेकंदांत त्या पोर्टचा दिवा लागतो. स्थिर दिवा म्हणजे जोडणी झाली, लुकलुक म्हणजे माहिती जातेय-येतेय. हिरवा म्हणजे गिगाबिट आणि पिवळा म्हणजे शंभर, की उलटं, हे कंपनीगणिक बदलतं. स्विचवर छापलेलं किंवा खोक्यातल्या कागदावर दिलेलं बघा.

दिवा लागतच नसेल तर वायर काढून परत घाला आणि 'कट' असा आवाज येतो का ऐका. क्लिप मोडलेली वायर बसल्यासारखी वाटते, पण मिलिमीटरभर मागे सरकते आणि संपर्क तुटतो. मग दुसरा पोर्ट. मग दुसरी, चालती असल्याची खात्री असलेली वायर. या क्रमाने तीन मिनिटांत कळतं की दोष पोर्टचा, वायरीचा की पलीकडच्या यंत्राचा. पलीकडे लॅपटॉप असेल तर तो झोपलेला नाही ना, तेही पाहा.

स्विच हाताला कोमट लागतो, ते नॉर्मल आहे. त्याला टीव्हीच्या कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली ठेवू नका, एवढंच.

चौऱ्याण्णवचा आकडा

तुमचा प्लॅन दोनशे-तीनशेचा आहे, वायफायवर तेवढा येतोही, पण वायरीने लावलेल्या कॉम्प्युटरवर स्पीड टेस्टचा काटा ९३-९४ ला जाऊन थांबतो आणि कितीही वेळा मोजलं तरी तिथेच. हा आकडा दिसला की समजा, वाटेत कुठेतरी जोडणी शंभर एमबीपीएसवर उतरलीय. शंभरच्या लिंकवर वरखर्च वजा जाता हातात साधारण तेवढेच उरतात. गिगाबिटच्या लिंकवर हाच आकडा ९४० च्या आसपास जातो.

कारणं तीनच. एक, स्विचच शंभरचा आहे. खोक्यावर '१०/१००' लिहिलं असेल तर तो फास्ट इथरनेट, म्हणजे शंभरचा (इथरनेट म्हणजे लॅनच्या वायरीची जोडणी), '१०/१००/१०००' असेल तर गिगाबिट. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि स्वस्त म्हणून पहिला उचलला जातो. तो वाईट नाही, पण शंभरच्या वरचा प्लॅन असेल तर घेऊ नका. दोन, पलीकडच्या यंत्राचाच पोर्ट शंभरचा. चांगल्या महागड्या टीव्हींनाही लॅनचा पोर्ट बहुधा शंभरचाच देतात, तेव्हा टीव्हीच्या पोर्टवर वेगळ्या रंगाचा दिवा लागला म्हणून घाबरू नका. तीन, वायर. आणि बहुतेक वेळा हेच निघतं.

लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या पिळलेल्या. शंभर एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, म्हणजे वायरीच्या टोकाच्या पिनमधल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पट्ट्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. उरलेल्या निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली तरी स्विच आणि कॉम्प्युटर आपसात ठरवून शंभरवर येतात. नेट चालू राहतं, दिवा लागतो, तक्रार कुणी करत नाही, फक्त वेग जातो.

आमच्याच घरात हे झालं. हॉलमधून बेडरूमपर्यंत बिल्डरने भिंतीतून वायर टाकून दिली होती, टीव्हीमागे छान पांढरा पॉइंट. नवा गिगाबिट स्विच लावला आणि चौऱ्याण्णव. स्विच बदलून आणला तरी चौऱ्याण्णव. शेवटी पॉइंटच्या प्लेटचे दोन स्क्रू काढले. मागच्या जॅकमध्ये नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या चारच तारा बसवलेल्या होत्या. निळ्या आणि तपकिरी तारा वायरीच्या बुडाशी गुंडाळून ठेवल्या होत्या, टोकं तशीच न सोललेली. काम करणाऱ्याने 'चार तारांवर चालतंय' म्हणून उरलेल्या सोडून दिल्या असणार. जॅकच्या कडेला रंगांची चिठ्ठी असते, तिच्याप्रमाणे तार जॅकमध्ये दाबून बसवणाऱ्या पंचिंग टूलने उरलेल्या चार तारा बसवल्या, दुसऱ्या टोकाला तेच केलं, आणि बेडरूममधल्या पोर्टचा दिवा रंग बदलून लागला.

लिंक कितीवर जुळलीय हे स्पीड टेस्टशिवायही दिसतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट असं जा, तिथे 'लिंक स्पीड' लिहिलेलं असतं. १०००/१००० हवं. १००/१०० असेल तर वरची तीन कारणं एकेक करून पाहा.

घरी वायरीच्या टोकाला पिन, म्हणजे प्लॅस्टिकचा प्लग, मारणार असाल तर रंगांचा क्रम पाठ करा. पिनची क्लिप खाली आणि वायर आपल्याकडे धरली की डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीची फारकत होऊन मध्ये निळी जोडी येते, ते मुद्दाम आहे, कारण ३ आणि ६ क्रमांकाच्या पट्ट्यांवरच्या तारा एकाच जोडीच्या असाव्या लागतात. नवखा माणूस 'दिसायला सरळ' म्हणून नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने लावतो, दोन्ही टोकांना तशाच. स्वस्तातला टेस्टर एक ते आठ दिवे बिनतक्रार दाखवतो. पण पिळलेली जोडी फुटल्यामुळे तारा एकमेकींच्या कामात लुडबुड करतात आणि लिंक अडखळत राहते. टेस्टर पास आणि नेट नापास असेल तर आधी पिनमधले रंग डोळ्यांनी बघा.

वायर विकत घेताना 'शुद्ध तांबं' असं विचारून घ्या. स्वस्त बंडलात अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. तार ब्लेडने खरवडली की आत चंदेरी दिसतं. अशी वायर वाकवली की लवकर तुटते आणि कॅमेऱ्याला तिच्यातून वीज द्यायची असेल तर जास्त वीज वाटेतच जिरते. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर हे सामान ढिगाने मिळतं, पण हव्या त्या मापाच्या दोन-तीन तयार पॅच कॉर्डसाठी (दोन्ही टोकांना पिन बसवलेल्या वायरींसाठी) ठाण्याहून लोकलचा प्रवास करायची गरज नाही. आणि साध्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात शिरलात तर 'नेटवर्क स्विच' असं पूर्ण म्हणा, नाहीतर तो तुमच्यापुढे दिव्याची बटणं मांडेल.

लांबीची काळजी फ्लॅटमध्ये करू नका. तांब्याच्या वायरीची मर्यादा १०० मीटर आहे, टू बीएचकेत ती ओलांडायची म्हटली तरी जमणार नाही. सोसायटीच्या ऑफिसातून गेटच्या केबिनपर्यंत वायर न्यायची असेल तेव्हा मोजा.

दिवा आहे, वेग आहे, नेट नाही

आता पत्ता बघायचा. विंडोजच्या शोधपट्टीत सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि इंग्रजी अक्षरांत सलग 'आयपीकॉन्फिग' टाइप करून एंटर दाबा. इथरनेटच्या खाली 'आयपीव्ही४ अॅड्रेस' अशी ओळ येते.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला कुणीच पत्ता दिलेला नाही, त्याने वाट पाहून स्वतःच एक घेतलाय. म्हणजे राउटरपर्यंतचा रस्ता तुटलेला आहे किंवा काकांच्या घरात झालं तसा राउटर वाटेतच नाही. स्विचपासून राउटरपर्यंतची ती एक वायर बदलून पाहा. सगळी यंत्रं बंद पडली असतील तर संशय तिच्यावरच घ्यायचा, एकच बंद असेल तर त्याच्या वायरीवर.

पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर त्याच्या खाली 'डीफॉल्ट गेटवे', म्हणजे राउटरचा पत्ता, दिसेल, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता 'पिंग' (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते पाहणारी आज्ञा), एक स्पेस आणि तो गेटवे टाइप करा. वायरीवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. गेटवे उत्तर देतोय आणि तरी नेट नाही, तर तुमचा स्विच आणि वायरी निर्दोष आहेत. दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे, आता खुशाल नेटवाल्याला फोन करा. नुकताच राउटरही बदलला असेल तर त्याला हेही सांगा, कारण काही नेटवाले जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला (यंत्राच्या कारखान्यातल्या ओळख क्रमांकाला) कनेक्शन बांधून ठेवतात आणि त्यांच्या बाजूने ते मोकळं करावं लागतं.

एक भानगड काटकसरीतून येते. जुना राउटर पडून असतो, त्याला चार पोर्ट असतात, मग नवा स्विच कशाला आणायचा? कल्पना चांगली आहे, मीही करते. पण जुना राउटर अजूनही स्वतःला घरचा कर्ता समजत असतो आणि तोही पत्ते वाटत सुटतो. मग अर्ध्या घराला खऱ्या राउटरचे पत्ते, अर्ध्याला याचे. प्रिंटर कधी दिसतो, कधी गायब. एक मोबाइल चालतो, दुसरा 'नो इंटरनेट' दाखवतो, आणि बंद-चालू केलं की पाळी बदलते. असं लहरी वागणं दिसलं की घरात दोन वाटेकरी आहेत का ते शोधा. उपाय असा: जुन्या राउटरला एकटा लॅपटॉप लावून त्याच्या पानावर जा. त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ असा काहीतरी करा, म्हणजे खऱ्या राउटरच्याच रांगेतला, पण वेगळा. मग डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारी सोय, बंद करा आणि सेव्ह करा. आता खऱ्या राउटरकडून आलेली वायर याच्या लॅन पोर्टमध्ये घाला, वॅनमध्ये नको. क्रम हाच ठेवा, कारण डीएचसीपी आधी बंद केलंत तर त्याचं पान परत उघडताना झटापट करावी लागते.

सगळेच दिवे एकदम नाचतायत

एका सकाळी मीटिंगच्या मध्येच माझं नेट गेलं. वायफायही गेलं. राउटर बंद-चालू केला, मिनिटभर आलं, परत गेलं. स्विचकडे बघितलं तर आठपैकी सहा दिवे एकाच तालात, थरथरल्यासारखे लुकलुकत होते. एरवी प्रत्येक दिव्याची लुकलुक वेगळी असते. मी मागे हात घातला. एक पिवळी वायर स्विचच्या तिसऱ्या पोर्टमधून निघून त्याच स्विचच्या सातव्यात शिरली होती.

"मावशी, ही वायर तुम्ही लावलीत?"

"हो ताई. झाडताना खाली लोंबत होती, म्हणून मोकळी जागा बघून खोचून ठेवली."

मावशींची काहीच चूक नव्हती. वायरीचं एक टोक मोकळं सोडलं होतं मी. अशा गाठीला लूप म्हणतात. घरातलं प्रत्येक यंत्र अधूनमधून 'सर्वांना' म्हणून हाळी देतं, आणि स्विच ती हाळी आलेल्या पोर्टखेरीज बाकी सगळ्या पोर्टांतून पुढे पाठवतो. लूपमध्ये ती फिरून परत त्याच स्विचकडे येते, तो परत सगळ्यांना पाठवतो. इथरनेटच्या वायरीतून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटावर 'इतक्या वेळा फिरलं की मर' असा हिशेब नसतो, त्यामुळे ते थांबत नाही. काही सेकंदांत वायरीत दुसऱ्या कशाला जागा उरत नाही आणि राउटरही गुदमरतो.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन या संगणकतज्ज्ञ बाईंनी १९८५ मध्ये शोधला. स्पॅनिंग ट्री नावाच्या पद्धतीने स्विच आपसात बोलून जादा रस्ता बंद ठेवतात. ऑफिसातले स्विच ते करतात. घरगुती साध्या स्विचमध्ये ते बहुधा नसतं.

घरी असं झालं तर डोकं खाजवत बसू नका. राउटर सोडून स्विचमधल्या सगळ्या वायरी काढा. मग एकेक घाला आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. जी घातल्यावर दिवे नाचायला लागतील ती गुन्हेगार. दोन स्विच असतील तर त्यांच्यामध्ये चुकून दोन वायरी गेल्यात का पाहा, लूपचं दुसरं नेहमीचं रूप ते.

कॅमेऱ्यांचा स्विच आणि कडेचं चिमुकलं बटण

कोपरखैरण्याला माझ्या सासरी बैठं घर आहे. बाबांनी तीन कॅमेरे बसवायचे ठरवले, म्हणून आम्ही चार अधिक दोन पोर्टचा पीओई स्विच आणला. चार पोर्ट कॅमेऱ्यांना वायरीतूनच वीज देतात, दोन अपलिंकचे, म्हणजे राउटर किंवा रेकॉर्डरकडे जाणारे. कॅमेरे चालू झाले, त्यांचे दिवे लागले, पण रेकॉर्डरवर एकही चित्र नाही. रविवार गेला. बाबा दर अर्ध्या तासाने येऊन विचारत होते, "अगं, दुकानदाराला बोलावू का?" आणि मी दर वेळी "पाचच मिनिटं" म्हणत होते.

संध्याकाळी स्विच उलटा करून पाहिला तर कडेला नखाएवढं सरकतं बटण होतं, कुणीतरी ते 'व्हीलॅन'वर सरकवलेलं. हे बटण अशा स्वस्त कॅमेरा-स्विचांवर सर्रास असतं आणि खोक्यावर त्याचा उल्लेख पुसट असतो. व्हीलॅनवर ठेवलं की कॅमेऱ्यांचे पोर्ट एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त अपलिंकशी बोलतात. मी रेकॉर्डर लावला होता चौथ्या, म्हणजे कॅमेऱ्याच्याच पोर्टमध्ये. तो अपलिंकमध्ये हलवला आणि तिन्ही चित्रं आली.

त्याच बटणाची आणखी एक जागा असते, 'एक्स्टेंड'. त्यावर ठेवलं की वायर २५० मीटरपर्यंत चालते म्हणतात, पण त्या पोर्टांचा वेग १० एमबीपीएसवर येतो. कॅमेऱ्याला पुरतो, कॉम्प्युटरला नाही. पीओई स्विचवर कॉम्प्युटर लावलाय आणि वेग आठ-नऊच्या पुढे जात नाही असं झालं, तर बटण बघा.

कॅमेरे दिवसा नीट चालतात आणि रात्री परत परत बंद-चालू होतात, हेही कोडं अनेकांना पडतं. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त वीज ओढतो. ८०२.३एएफ या पीओईच्या पद्धतीचा पोर्ट जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो, पण सगळ्या पोर्टांना मिळून स्विचची स्वतःची एक मर्यादा असते, ती लेबलावर लिहिलेली असते. कॅमेऱ्यांच्या वॅटची बेरीज तिच्यापेक्षा बरीच खाली हवी. मुलाम्याची वायर असेल तर इथेच तिचं पितळ उघडं पडतं.

अशा स्विचमध्ये साधा लॅपटॉप लावला तर तो जळेल का, असं बाबांनी विचारलं होतं. प्रमाणित पीओई स्विच आधी चाचपून बघतो की समोरचं यंत्र वीज मागतंय का, मगच देतो. 'पॅसिव्ह' लिहिलेल्या इंजेक्टरला (लॅनच्या वायरीत वीज सोडणाऱ्या डब्याला) मात्र ही समज नसते, तो थेट वीज सोडतो. त्यात लॅपटॉप लावू नका.

पावसाळ्यात

आपल्याकडे हा भाग सोडून चालत नाही. खिडकीच्या चौकटीतून किंवा गच्चीवरून खाली येणारी तांब्याची लॅन वायर वीज कडाडली की धक्का आत आणू शकते. मग कधी एकच पोर्ट मरतो आणि बाकी स्विच चालू राहतो. एखादा पोर्ट अचानक मेला आणि शेजारचा चालतोय, तर त्या पोर्टवर पट्टी चिकटवा आणि पुढचा वापरा. गडगडाट सुरू झाला की बाहेर जाणारी वायर स्विचमधून काढून ठेवायची मला सवय आहे. फायबरमधून विजेचा धक्का येत नाही, त्या काळ्या बारीक दोरीला हात लावू नका, तिला घडीही पाडू नका.

खाडीच्या बाजूच्या दमट घरांत पिनच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर दिसतो. वायर चार-पाच वेळा काढ-घाल केली की संपर्क तात्पुरता सुधारतो, पण खरं म्हणजे पिन कापून नवी मारा.

खरंच बाद असेल तर

ज्या वायरीने आणि ज्या लॅपटॉपने राउटरवर थेट नेट मिळतं, तीच वायर आणि तोच लॅपटॉप स्विचच्या पोर्टमध्ये लावून दिवा लागत नसेल, आणि स्विचपासून राउटरपर्यंतची वायरही बदलून पाहिली असेल, तर स्विच बाद. याच क्रमाने करताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. दुकानदार "वायर खराब असेल" म्हणाला की तो दाखवा. खोकं, अडॅप्टर आणि बिल निदान परतीची मुदत संपेपर्यंत फेकू नका.

बाद नसेल, सगळं चालू झालं असेल, तर त्याच दिवशी प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा: 'टीव्ही', 'बेडरूम', 'प्रिंटर'. रिकाम्या पोर्टांना रबरी बुचं बसवा. माझ्या स्विचला तीन आहेत. आणि मावशी आता झाडताना लोंबती वायर दिसली की आतूनच ओरडतात, "ताई, ही कुठं घालू?"